सॉफ्टवेअर कंपन्या डेव्हलपर्सपासून मॅन्युअलची पानं का लपवतात? मायक्रोसॉफ्ट आणि सांबाच्या भांडणाची गोष्ट

२० डिसेंबर २००७ ला एक बातमी आली. एका ना-नफा संस्थेने मायक्रोसॉफ्टला एकरकमी १०,००० युरो मोजले होते आणि बदल्यात काही तांत्रिक कागदपत्रं मिळवली होती.

त्या कागदपत्रांत विंडोजचा सोर्स कोड नव्हता. विंडोजचा कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या सर्व्हरशी बोलताना काय बोलतो, कोणत्या क्रमाने बोलतो आणि उत्तर कसं वाचतो, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. थोडक्यात, मॅन्युअलची पानं.

पण ही पानं मिळवायला नऊ वर्षं लागली होती. मधल्या काळात युरोपियन कमिशनकडे तक्रार झाली, चौकशी झाली, ४९ कोटी ७० लाख युरोंच्या पुढे दंड झाला, त्यावर आणखी दंड झाला आणि लक्झेंबर्गच्या कोर्टात १३ न्यायाधीशांसमोर पाच दिवस सुनावणी चालली. एवढं काय होतं त्या पानांत?

डॉक्युमेंटेशन म्हणजे नेमकं काय?

कोणताही प्रोग्रॅम एकटा काम करत नाही. तुम्ही ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधली फाइल उघडता तेव्हा तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला ठरलेल्या भाषेत निरोप पाठवतो. मी अमुक, माझा पासवर्ड हा, मला तमुक फाइल हवी. सर्व्हर ठरलेल्या भाषेतच उत्तर देतो. या बोलण्याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. एकाच कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काम मागतो, त्या मागण्यांच्या ठरलेल्या पद्धतीला एपीआय म्हणतात. आणि हे सगळं जिथे लिहून ठेवलेलं असतं ते डॉक्युमेंटेशन.

तहसील कचेरीचं उदाहरण घ्या. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, सोबत काय जोडायचं, हे भिंतीवर स्पष्ट लिहिलेलं असेल तर कुणीही जाऊन आपलं काम करून येतो. तेच जर फक्त दारातल्या एजंटला माहीत असेल, तर कचेरी सगळ्यांसाठी उघडी असूनही उपयोग नाही. काम एजंटकडूनच करून घ्यावं लागतं, आणि त्याचा दर तोच ठरवतो.

मराठीत ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या देवनागरी फॉन्टचं कोष्टक वेगळं असायचं. एका फॉन्टमध्ये जिथे ‘क’ असेल तिथे दुसऱ्यात भलतीच मात्रा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला दिसायचा. मजकूर आपला, फाइल आपली, पण ती वाचायची किल्ली दुसऱ्याकडे. कोष्टक हाताशी नसेल तर कन्व्हर्टर लिहिणाऱ्याला एकेक अक्षर टाइप करून पाहत स्वतःच ते तयार करावं लागायचं.

लपवण्याच्या तऱ्हा

माहिती लपवायची म्हणजे ती तिजोरीत ठेवायची असं नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ती छापायचीच नाही. अँड्र्यू शुलमन आणि त्यांच्या सहलेखकांनी १९९२ मध्ये ‘अनडॉक्युमेंटेड विंडोज’ नावाचं पुस्तक काढलं. विंडोजमध्ये अशी कितीतरी फंक्शन्स आहेत जी अधिकृत मॅन्युअलमध्ये नाहीत, आणि त्यातली काही मायक्रोसॉफ्टचेच स्वतःचे प्रोग्रॅम वापरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. ऑपरेटिंग सिस्टिमही तुमची आणि तिच्यावर चालणारं वर्ड-एक्सेलही तुमचं, अशा वेळी न छापलेलं एखादं फंक्शन म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री घरच्याच मुलाला दाखवलेला पेपर.

दुसरा मार्ग गोपनीयतेच्या कराराचा. इंटेलने १९९३ मध्ये पेंटियम प्रोसेसर आणला. त्याच्या मॅन्युअलमध्ये काही महत्त्वाच्या गोष्टींपुढे फक्त ‘परिशिष्ट एच पाहा’ असं लिहिलेलं होतं. परिशिष्ट एच पाहायला गेलं तर कळायचं की ते करारावर सही करणाऱ्यांनाच मिळेल. शेवटी बाहेरच्या प्रोग्रॅमर्सनी प्रयोग करकरून त्यातल्या बऱ्याच गोष्टी शोधून काढल्या.

ॲपलने २००८ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली. आयफोनसाठी ॲप बनवायची साधनं आणि माहिती मार्चमध्ये दिली, पण त्यासोबतच्या करारात ती माहिती गोपनीय ठरवली. ॲप स्टोअर जुलैमध्ये सुरू झालं, ॲप्स धडाधड डाउनलोड होऊ लागली, तरी करार कायमच. म्हणजे शेजारी बसलेल्या दुसऱ्या डेव्हलपरला ‘हे फंक्शन कसं वापरलंस रे?’ असं जाहीरपणे विचारायचीही चोरी. आयफोन प्रोग्रॅमिंगवरची तयार पुस्तकं प्रकाशकांना छापता येईनात. बराच आरडाओरडा झाल्यावर १ ऑक्टोबर २००८ ला ॲपलने बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरती ही अट काढून टाकली.

पण ही प्रकरणं काही महिन्यांत किंवा काही वर्षांत निवळली. मायक्रोसॉफ्टचं प्रकरण वेगळं होतं, कारण त्यात बहुतेक सगळ्या तऱ्हा एकत्र आल्या होत्या.

कॅनबेरातला एक विद्यार्थी

अँड्र्यू ट्रिजेल १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. त्याला त्याच्या पीसीवरून युनिक्स मशीनवरच्या फाइल्स वापरायच्या होत्या. तयार सॉफ्टवेअर होतं, पण त्याचं सर्व्हर त्याच्याकडच्या मशीनसाठी नव्हतं. मग त्याने नेटवर्कवरून जाणारे-येणारे निरोप टिपणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ते निरोप पाहून स्वतःचं सर्व्हर तयार केलं.

गंमत म्हणजे आपण कोणता प्रोटोकॉल उलगडतोय हे त्याला सुरुवातीला माहीतही नव्हतं. ते होतं एसएमबी, म्हणजे विंडोजच्या जगात फाइल आणि प्रिंटर शेअर करायची भाषा. पुढे नाव ठेवताना त्याने कॉम्प्युटरवरच्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. यादीत स्क्रॅम्बल वगैरे शब्द होते, आणि एक होता सांबा. तेच नाव पक्कं झालं.

सांबामुळे काय झालं? लिनक्स किंवा युनिक्सवर चालणारा फुकटचा सर्व्हर विंडोजच्या कॉम्प्युटर्सना विंडोज सर्व्हरसारखाच दिसू लागला. ऑफिसातले ५० पीसी विंडोजचेच राहिले तरी मधला सर्व्हर विंडोजचा असायची सक्ती उरली नाही.

या कामाच्या पद्धतीला ट्रिजेल ‘फ्रेंच कॅफे’ म्हणायचा. तुम्हाला फ्रेंच येत नाही, शिकवायला कुणी नाही, शब्दकोश नाही. मग कॅफेत जाऊन बसायचं आणि ऐकत राहायचं. कुणी काहीतरी म्हणालं की वेटर कॉफी आणतो, दुसरं काही म्हणालं की पाव आणतो. हळूहळू शब्द कळायला लागतात. मग स्वतः बोलून पाहायचं आणि वेटर काय आणतो ते बघायचं.

हे ऐकायला मजेशीर वाटतं, पण यात अडचण मोठी आहे. कॅफेत जे बोललं जातं तेवढंच तुम्ही शिकता. वर्षातून एकदाच वापरला जाणारा निरोप तुमच्या कानावर पडेलच असं नाही. आणि तुम्ही बरंचसं शिकताय तोवर कंपनी नवी आवृत्ती आणते आणि वेटर वेगळ्या बोलीत बोलायला लागतो.

विंडोज २००० आणि बंद झालेलं दार

तसंच झालं. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली. कंपनीतले सगळे युजर, पासवर्ड, परवानग्या एका जागी ठेवणारी ही व्यवस्था. तिचे सर्व्हर आपसात काय बोलतात हे बाहेरच्यांना माहीत नव्हतं.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १५ सप्टेंबर १९९८ लाच मायक्रोसॉफ्टला पत्र लिहून ही माहिती मागितली होती, म्हणजे आपली सोलॅरिस ही सिस्टिम विंडोजशी नीट जुळेल. ६ ऑक्टोबरला उत्तर आलं. त्याचा अर्थ नकारच होता. डिसेंबरमध्ये सनने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली.

दरम्यान आणखी एक प्रकार झाला. विंडोज २००० मध्ये युजरची ओळख पटवायला केर्बेरोस हा प्रोटोकॉल वापरला होता. तो मूळचा एमआयटीचा आणि सगळ्यांसाठी खुला. मायक्रोसॉफ्टने त्यातल्या एका मोकळ्या जागेत स्वतःची माहिती भरली. ती काय आहे हे कळल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या केर्बेरोस सर्व्हरला विंडोजसोबत पूर्ण काम करता येईना. टीका झाल्यावर २००० च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने ते डॉक्युमेंट इंटरनेटवर टाकलं, पण ते उघडताना एक करार समोर यायचा. त्यानुसार ही माहिती व्यापारी गुपित होती आणि वाचणाऱ्याने ती गुपित ठेवायची होती. जगाला वाचायला दिलेलं गुपित! स्लॅशडॉट या साइटच्या वाचकांनी तो करार टाळून फाइल कशी उघडायची हे सांगितलं, काहींनी मजकूरच तिथे चिकटवला. मायक्रोसॉफ्टने कॉपीराइट कायद्याचा आधार घेऊन तो काढायला सांगितलं.

आधी नकार, मग अर्धवट माहिती, मग सही करा आणि गप्प बसा. हे सगळं पुढच्या निकालांकडे पाहताना लक्षात ठेवायला हवं.

दंड झाला, कागदही आले, पण...

२४ मार्च २००४ ला युरोपियन कमिशनने निर्णय दिला. मायक्रोसॉफ्टने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, ४९ कोटी ७२ लाख युरो दंड भरावा, आणि १२० दिवसांत सर्व्हर जुळवण्यासाठी लागणारी पूर्ण आणि अचूक माहिती स्पर्धकांना वाजवी अटींवर द्यावी.

यानंतर एकेक तक्रारदार बाजूला होत गेला. सनने एप्रिल २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी समझोता केला, त्यात सनला जवळपास २ अब्ज डॉलर मिळाले. नॉव्हेलने नोव्हेंबरमध्ये ५३.६ कोटी डॉलर घेऊन एक दावा मिटवला आणि युरोपातल्या प्रकरणातून माघार घेतली. यात बेकायदा काही नव्हतं, आणि शेअरधारकांना उत्तर देणाऱ्या कंपन्यांनी तसं केलं तर नवल नाही. पण कोर्टात कमिशनच्या बाजूने बोलायला जे उरले त्यात सांबाचे प्रोग्रॅमर आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप होते. त्यांचा माहितीशिवाय दुसऱ्या कशाने भागण्यासारखा मामलाच नव्हता. एप्रिल २००६ च्या सुनावणीत स्वतः ट्रिजेल न्यायाधीशांना हे सगळं समजावून सांगायला उभा राहिला.

तोपर्यंत माहिती ‘दिली’ गेली होती. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की १२,००० पानं दिलीत, आणखी काय हवं? कमिशनने नेमलेले देखरेख अधिकारी नील बॅरेट हे कॉम्प्युटर तज्ज्ञ होते, आणि मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेल्या नावांमधून त्यांची निवड झाली होती. त्यांनी ती पानं पाहिली आणि यावरून कुणी प्रोग्रॅमर जुळणारं सॉफ्टवेअर लिहू शकणार नाही असा अहवाल दिला. माहितीचे ढीग होते, पण हवं ते सापडत नव्हतं, आणि सापडलं तरी अपुरं होतं. जुलै २००६ मध्ये कमिशनने आणखी २८ कोटी ५ लाख युरो दंड लावला, रोजच्या १५ लाख युरोंच्या हिशेबाने.

अमेरिकेतही काही वेगळं नव्हतं. तिथल्या मक्तेदारीच्या खटल्यात २००२ च्या निकालानुसार मायक्रोसॉफ्टला प्रोटोकॉल्सची माहिती परवान्याने द्यायची होती. ते डॉक्युमेंटेशन नीट व्हायला इतका वेळ लागला की २००७ मध्ये संपणारी कोर्टाची देखरेख २०११ पर्यंत लांबली.

इथे मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कोड चालतो याचा अर्थ तो कुठेतरी लिहून ठेवलाय असा नसतो. वर्षानुवर्षं वाढलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बरंच काही फक्त कोडमध्ये आणि तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतं. कुठल्याही आयटी कंपनीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हे कळतं. पण पहिल्याच पत्राला नकार देणाऱ्या कंपनीने सहा वर्षांनी ‘लिहायला वेळ लागतोय’ म्हणणं कमिशनला पटलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

किंमत किती?

पानं सुधारत गेली तसा वाद किमतीवर आला. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला या गुपित माहितीसाठी परवाना घेणाऱ्याच्या उत्पन्नाच्या २.९८ टक्के आणि पेटंटसाठी ३.८७ टक्के मागितले होते. मे २००७ मध्ये युरोपापुरते हे दर ०.५ आणि ०.७ टक्क्यांवर आणले.

एखाद्या कंपनीला हा दर कमी किंवा जास्त वाटेल. सांबासाठी तो प्रश्नच चुकीचा होता. सांबा फुकट आहे, त्याच्या किती प्रती कुठे चालतात हे कुणी मोजत नाही, मग टक्के कशाचे काढायचे? शिवाय त्याचा कोड उघडा असतो. माहिती गुपित ठेवायची अट असेल तर तिच्यावरून लिहिलेला कोड प्रसिद्ध करता येणार नाही. म्हणजे कागदावर माहिती सगळ्यांसाठी उपलब्ध, पण जो खरा स्पर्धक होता तोच नेमका बाहेर.

१७ सप्टेंबर २००७ ला लक्झेंबर्गच्या कोर्टाने कमिशनचा निर्णय माहितीच्या मुद्द्यावर कायम ठेवला. २२ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की माहितीसाठी एकरकमी १०,००० युरो पुरेत, आणि ज्यांना पेटंटचा परवाना हवा त्यांनी ०.४ टक्के द्यावेत. सुरुवातीला सांगितलेले १०,००० युरो ते हेच. करारानुसार कागदपत्रं गोपनीयच राहणार होती, पण ती वाचून लिहिलेला कोड सांबाला खुलेपणाने प्रसिद्ध करता येणार होता. कोणकोणत्या पेटंट्सपासून सांभाळून राहायचं याची यादीही मिळणार होती.

आणि मग दोनच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २००८ ला, मायक्रोसॉफ्टने ३०,००० हून जास्त पानांचं प्रोटोकॉल डॉक्युमेंटेशन थेट वेबसाइटवर टाकलं. परवाना नाही, फी नाही. एवढी वर्षं जे व्यापारी गुपित म्हणून जपलं होतं ते एका गुरुवारी कुणालाही वाचायला मोकळं झालं, आणि विंडोज सर्व्हरचा धंदा त्यानंतरही चालूच राहिला. त्याच महिन्यात कमिशनने आधीच्या अवाजवी दरांसाठी ८९ कोटी ९० लाख युरो दंड लावला. २०१२ मध्ये कोर्टाने तो थोडा कमी करून ८६ कोटी केला.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला सांबा ४.० आलं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा मुख्य सर्व्हर म्हणून चालू शकणारी ही सांबाची पहिली आवृत्ती. ती बनवताना मायक्रोसॉफ्टचं अधिकृत डॉक्युमेंटेशन वापरलं होतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअर्सनी चाचण्यांत मदतही केली होती. विंडोज २००० बाजारात आल्यापासून मोजलं तर तोपर्यंत जवळपास १३ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ज्या ऑफिसांना सर्व्हर घ्यायचा होता त्यांनी घेऊन टाकला होता.

कंपन्यांचं म्हणणं काय असतं?

मेहनतीने बनवलेली गोष्ट स्पर्धकाला का सांगायची, हा पहिला मुद्दा. तो साधा आहे आणि अगदीच चुकीचाही नाही. इंटरफेस एकदा छापला की तो पाळावा लागतो, हा दुसरा आणि जास्त वजनदार. आज छापलेलं फंक्शन उद्या बदललं तर त्यावर बांधलेली हजारो सॉफ्टवेअर मोडतात, म्हणून आतल्या गोष्टी आत ठेवण्यात शहाणपण असतं. तिसरा मुद्दा सुरक्षेचा, म्हणजे सगळं उघड केलं तर हॅकर्सचं फावेल. याला सुरक्षातज्ज्ञ फारसे भुलत नाहीत. नियम माहीत झाल्यावर जी कुलपं उघडतात ती मुळातच कच्ची असतात, असं ते मानतात.

दुसरा मुद्दा खरा आहे की बहाणा, हे ओळखायचं कसं? तीच आतली गोष्ट कंपनीचं दुसरं प्रॉडक्ट वापरतंय का ते बघायचं. वापरत असेल तर ती फक्त ‘आतली’ राहिलेली नसते.

सध्या हे कुठे आलंय?

आता युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट आहे. त्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयी इतरांच्या उपकरणांनाही वापरू द्याव्या लागतात. १९ मार्च २०२५ ला कमिशनने या कायद्याखाली ॲपलसाठी दोन निर्णय काढले. दुसऱ्या कंपनीच्या स्मार्टवॉचवर आयफोनची नोटिफिकेशन्स नीट दिसावीत, हेडफोन ॲपलच्या हेडफोनइतक्या सहज जोडता यावेत, अशा नऊ सोयी त्यात आहेत. आणि ज्या सोयी अजून डेव्हलपर्सना खुल्या नाहीत त्यांचं तांत्रिक डॉक्युमेंटेशन ॲपलने मागणाऱ्याला दाखवावं, हेही त्यात आहे.

ॲपलच्या मते यामुळे युजर्सची खासगी माहिती धोक्यात येईल आणि कंपनीची मेहनत स्पर्धकांना फुकट वाटली जाईल. कंपनीने या निर्णयांना लक्झेंबर्गमधल्या जनरल कोर्टात आव्हान दिलंय. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निकाल देणारं कोर्ट हेच, तेव्हा त्याचं नाव फक्त वेगळं होतं.